विटांची शाळा

महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा प्रवेशअर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' असे लिहिले. ते अगदीच खोटे नव्हते. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला आमचे दहा गुंठे शेत आहे आणि पावसाळ्यात त्यात भात होते. पण दिवाळी सरली की पहिल्या वळवापर्यंत आई-बाबा दोघेही वीटभट्टीवर असतात, आणि आमचे घर चालते ते त्या विटांवर. पहाटे चिखल तुडवायचा, ऊन चढण्याआधी साच्याने विटा थापायच्या, त्या वाळल्या की रचून भट्टी लावायची, पेटवायची, भाजून निघाली की ट्रॅक्टर भरून द्यायचा. हे सारे मी लहानपणापासून पाहिले आहे, केलेही आहे. तरी त्या रकान्यात ते लिहायला माझा हात धजला नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचे काम सुरू झाले. जानेवारीतल्या एका दुपारी मी ग्रंथालयाच्या खिडकीशी बसलो होतो. फाटकातून विटांचा ट्रॅक्टर आत आला. विटांच्या ढिगावर डोक्याला टॉवेल गुंडाळून बाबा बसले होते. ट्रॅक्टर थांबला, बाबा उतरले, आणि दोन दोन विटा हातात घेऊन रचू लागले. माझे दोन मित्र शेजारीच बसले होते. मी खुर्ची हळूच मागे सरकवली आणि पुस्तकांच्या कपाटाआड जाऊन उभा राहिलो. ट्रॅक्टर रिकामा होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. समोरच्या पुस्तकांची नावे वाचत असल्याचे सोंग करीत होतो, आणि त्या सोंगातच एक पुस्तक हाती आले. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे १९०१ सालचे आत्मचरित्र, 'अप फ्रॉम स्लेव्हरी'.

हे नाव मला अगदी परके नव्हते. शाळेत असताना गुरुजींनी वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' वाचायला दिले होते. मराठी शाळेत शिकलेल्या पुष्कळ मुलांना अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले टस्कीगी हे गाव माहीत आहे ते त्या पुस्तकामुळे. भुईमूग आणि रताळ्यावर संशोधन करणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये टस्कीगीला आले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले, एवढे मला ठाऊक होते. पण कार्व्हर ज्या संस्थेत आले ती उभी कशी राहिली, याचा विचार मी कधी केला नव्हता. कपाटाआड उभ्या उभ्या पुस्तक उघडले आणि नजर पडली ती विटांवरच. मी ते घरी नेले. इंग्रजी जड होते. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला मला दीड महिना लागला.

वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ मध्ये व्हर्जिनियात, गुलामीत झाला. गुलामी संपली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुढे मिठाच्या भट्ट्यांवर आणि कोळशाच्या खाणीत त्यांनी काम केले. १८७२ मध्ये हॅम्प्टनच्या शाळेत ते मजल दरमजल करीत पोचले, तेव्हा प्रवेशपरीक्षा म्हणून त्यांना एक खोली झाडायला सांगण्यात आली. त्यांनी ती तीन वेळा झाडली आणि चार वेळा पुसली. प्रवेश मिळाला.

टस्कीगीची शाळा ४ जुलै १८८१ रोजी सुरू झाली. तिच्यामागे दोन स्थानिक माणसे होती. एक लुईस अ‍ॅडम्स, पूर्वी गुलाम असलेला पत्राकारागीर, आणि दुसरे जॉर्ज कॅम्पबेल, पूर्वी गुलाम बाळगणारे गोरे व्यापारी. राज्य सरकारने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले होते. जमीन नाही, इमारत नाही. पंचवीस वर्षांचे वॉशिंग्टन आले आणि एका चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांना घेऊन बसले. पाऊस आला की छत गळायचे, आणि एखादा वयाने मोठा विद्यार्थी धडा सोडून उठायचा व गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरायचा. लवकरच गावाजवळचा शंभर एकरांचा एक पडीक मळा ५०० डॉलरला घेतला. त्यातले निम्मे पैसे उसने. मळ्यावरचा तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे झाडून त्यांतही वर्ग भरवले. ऑलिव्हिया डेव्हिडसन या शिक्षिकेने गावात घरोघर फिरून वर्गणी जमवली. गुलामीत आयुष्य गेलेली सत्तरीची एक म्हातारी काठी टेकीत आली आणि साठवलेली सहा अंडी शाळेसाठी देऊन गेली. तिच्यापाशी तेवढेच होते.

आणि मग विटा. गावात वीटभट्टी नव्हती, आणि इमारत तर बांधायची होती. वॉशिंग्टन यांनी ठरवले की विटा विद्यार्थ्यांनीच पाडायच्या. गुडघाभर चिखलात तासन् तास उभे राहायचे काम. मुले कंटाळली, काही शाळा सोडून गेली. पंचवीस हजार विटांची पहिली भट्टी लावली, ती बिघडली. दुसरीही बिघडली. तिसरी आठवडाभर जळत होती, आता काही तासांत विटा मिळणार असे वाटत असतानाच मध्यरात्री ती कोसळली. हाती पैसा उरला नाही. वॉशिंग्टन माँटगोमेरी शहराला गेले, जवळचे घड्याळ गहाण टाकले आणि पंधरा डॉलर घेऊन परत आले. चौथी भट्टी साधली.

हा भाग वाचून झाला त्या रात्री मी तो मराठीत करून बाबांना सांगितला. बाबा चौथी शिकलेले. दिवसभराच्या कामाने अंग मोडलेले असले तरी भट्टीचे नाव काढताच ते उठून बसले.

"काय वाचालास म्हणालास? किती इटा होत्या पैल्या भट्टीत?"

"पंचवीस हजार."

"आन् माती कसली?"

ते पुस्तकात नव्हते. बाबा थोडा वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "पैल्या भट्टीत वाऱ्याला वाट ठेवली नसंल. तिसरी मातूर घाईनं गेली बघ. आतला वलावा जायच्या आत आग चढवली की खालच्या इटा बसत्यात, आन् समदी भट्टी कलंडती. आमची बी एकदा बसली हुती, तुझ्या जन्माच्या साली." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आन् घड्याळ? सोडवलं का न्हाई त्येनं?"

"नाही बाबा. मुदत संपली. ते घड्याळ परत मिळालेच नाही. पण त्याचे दुःख झाले नाही असे त्यांनी लिहिले आहे."

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी न्हाई का, बोर्डिंगातल्या पोरांसाठी अंगावरचं सोनं दिलं. मंगळसूत्रसुद्धा. आमच्या बाईंनी शाळेत सांगितलं होतं." टस्कीगीहून साताऱ्याला यायला आईला एक क्षणही लागला नाही.

मग बाबांनी असा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर शोधण्यात माझे उरलेले वर्ष गेले. ते म्हणाले, "त्या पोरास्नी शिकवलं न्हवं? का नुसत्या इटाच थापून घेतल्या?"

मी पुस्तकातले आकडे सांगितले. एकोणीस वर्षांत लहानमोठ्या चाळीस इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या चार सोडल्या तर बाकी साऱ्या जवळजवळ पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या श्रमाच्या. एका हंगामात बारा लाख उत्तम विटा. आसपासचे गोरे लोकही त्या विटा विकत न्यायला येऊ लागले, आणि जे शाळेच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते ते विटांच्या निमित्ताने फाटकाच्या आत आले. १८८४ पासून गरीब विद्यार्थ्यांसाठी रात्रशाळा होती. दिवसा दहा तास काम आणि रात्री दोन तास अभ्यास.

"दहा तासांनी डोळा उघडा ऱ्हात असंल व्हय?" बाबा म्हणाले. त्यांना आकड्यांचे कौतुक वाटले नाही. पुढे वाचताना मला आढळले की टस्कीगीच्या मुलांचे आईबापही असेच म्हणत होते. आमच्या मुलांना काम कशाला लावता, काम तर आम्ही जन्मभर केले, त्यांना पुस्तके शिकवा, असे निरोप ते शाळेला पाठवीत. पुस्तक जितके जाड तितका त्यांना आनंद. वॉशिंग्टन यांना हे थोडे हसण्यासारखे वाटले असावे. मला हसू आले नाही, कारण माझे बाबा त्या पालकांच्या रांगेत उभे होते.

याच प्रश्नावर त्या काळी मोठा वाद झाला. १८ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टन यांनी अटलांटा येथे भाषण केले. कृष्णवर्णीयांनी आधी शेती, कारागिरी आणि व्यापार यांत पाय रोवावेत, सामाजिक समानतेसाठी आत्ताच चळवळ करू नये, असा त्याचा रोख होता. गोऱ्यांनी ते उचलून धरले. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ मध्ये 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात त्याला उत्तर दिले. डुबॉइस हे फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकून पुढे हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले विद्वान. त्यांचे म्हणणे असे की मतदानाचा हक्क, नागरी समानता आणि उच्च शिक्षण या तीन गोष्टी सोडून दिल्या तर नुसत्या कारागिरीच्या बळावर माणूस आपली मालमत्तासुद्धा राखू शकणार नाही. आणि टस्कीगीचे शिक्षक तरी कुठून येतात? कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाच्या महाविद्यालयांतूनच ना? ती बंद पडली तर टस्कीगी एक दिवसही चालणार नाही.

प्रथम मला वाटले, डुबॉइस बरोबर आणि वॉशिंग्टन चूक. परीक्षेच्या उत्तरात असे लिहिणे सोपे असते. पण वॉशिंग्टन यांच्याविषयी अधिक वाचले तेव्हा कळले की हाच माणूस मतदानाचा हक्क हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना गुपचूप पैसे पुरवीत होता. त्या काळात अलाबामात कृष्णवर्णीयाला झाडाला टांगून मारणे ही ऐकिवात नसलेली गोष्ट नव्हती. शेकडो मुले सांभाळणारा मुख्याध्यापक उघडपणे काय बोलू शकत होता आणि काय नाही, हे ठरवायला मी कोण?

शिवाय टस्कीगीत नुसत्या विटाच नव्हत्या. १८९२ मध्ये रॉबर्ट टेलर नावाचा तरुण तिथे आला. एम.आय.टी.मधून स्थापत्यशास्त्राची पदवी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. टस्कीगीच्या अनेक इमारतींचे आराखडे त्याने काढले आणि विद्यार्थ्यांनाही आराखडे काढायला शिकवले. म्हणजे वीट थापणाऱ्याच्या हातात त्याच आवारात पट्टी आणि पेन्सिलही आली. पुढे तिथे पदवीचे अभ्यासक्रम आले. १९४५ मध्ये पशुवैद्यकाचे विद्यालय निघाले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पशुवैद्यांचा फार मोठा भाग तिथूनच तयार झाला. कृष्णवर्णीयांना विमान चालवण्याची बुद्धी नसते असे सैन्यातले अधिकारी म्हणत असताना १९४१ पासून टस्कीगीलाच सुमारे हजार वैमानिक तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाव मिळवले. १९८५ पासून ती संस्था टस्कीगी विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

पण गोष्ट इथे संपवली तर ती लबाडी होईल. १९३२ पासून अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने टस्कीगीच्या आसपासच्या सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक प्रयोग चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश झाला होता. त्यांना तसे सांगितले नाही. पेनिसिलीन हे हमखास औषध आल्यावरही ते दिले नाही. रोग वाढत कसा जातो हे नुसते पाहत राहिले. चाळीस वर्षे. वर्तमानपत्रांतून १९७२ मध्ये बोभाटा झाला तेव्हा ते थांबले, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये क्षमा मागितली. प्रयोग सरकारचा होता, पण संस्थेने आपल्या रुग्णालयाची मदत त्याला दिली होती. त्या आवारावर लोकांचा विश्वास होता, म्हणूनच ते रुग्ण तिथे निमूटपणे आले. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या भिंतींच्या आतसुद्धा गरिबाला फसवता येते, हे वाचून मी दोन दिवस पुस्तक उघडले नाही.

दुसरी एक गोष्ट हद्दीची. १९५७ साली अलाबामा विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून तिला अठ्ठावीस बाजूंचा विचित्र आकार दिला. हेतू एवढाच की शहरातले जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर पडावेत. बाहेर पडले ते कोण? संस्थेतले प्राध्यापक, डॉक्टर, शिकलेसवरलेले, घरदार असलेले लोक. कारागिरी शिका, मालमत्ता करा, मान आपोआप मिळेल, हा हिशेब एका रेघेने खोटा ठरवला. संस्थेतले समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले, आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आम्हा सीमाभागातल्या लोकांना नकाशावरच्या रेघेचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पण मला त्यात दुसरेच काही दिसले. विटांनी बांधलेल्या वर्गात ज्याने शिकवले, तोच उद्या न्यायालयात जाऊन रेघ पुसायला लावू शकला. वॉशिंग्टन यांची भिंत आणि डुबॉइस यांचा हट्ट, दोन्ही त्या एका माणसाच्या कामी आले.

टस्कीगीच्या आवारात वॉशिंग्टन यांचा १९२२ सालचा पुतळा आहे. एक गुलाम खाली बसला आहे आणि वॉशिंग्टन त्याच्या डोक्यावरचा अज्ञानाचा पडदा उचलीत आहेत. राल्फ एलिसन नावाचा लेखक १९३३ ते १९३६ या काळात तिथे संगीत शिकला. त्याच्या १९५२ सालच्या कादंबरीत अशाच एका पुतळ्यापुढे नायक उभा राहतो, आणि हा पडदा वर उचलला जातो आहे की अधिक घट्ट खाली ओढला जातो आहे, हे त्याला उमगत नाही. मला वाटते, आपल्या संस्थेविषयी असे विचारण्याचे धैर्य विद्यार्थ्याला मिळणे हीसुद्धा त्या संस्थेचीच कमाई.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. टस्कीगीची शाळा तेव्हा अजून आठ वर्षे दूर होती. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडचे दुःख आपले वाटले होते. मग दीडशे वर्षांनी एका भट्टीवाल्याच्या घरात त्याच लोकांच्या विटांविषयी बोलणे निघाले, यात नवल ते काय!

बाबांच्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे आहे. विटा थापण्यात कमीपणा नाही आणि थापल्यानेच कोणी मोठाही होत नाही. प्रश्न इतकाच की ज्याने वीट थापली त्याला त्या भिंतीच्या आत बसायला मिळते की नाही. टस्कीगीत, उणीवा असल्या तरी, ते मिळत होते. तीच मुले चिखलात उभी राहत आणि तीच रात्री दिव्यापुढे पुस्तक उघडून बसत. आमच्या इकडे बांधणारा एक आणि बसणारा दुसरा. मी कपाटाआड लपलो तेव्हा ती वाटणी मी मुकाट्याने मान्य केली होती.

तिसऱ्या वर्षाच्या अर्जात मी त्या रकान्यात 'वीटभट्टीवर काम' असे लिहिले. कारकुनांनी वाचले, शिक्का मारला आणि पुढचा अर्ज घेतला. आभाळ कोसळले नाही. दोन वर्षे मी कशाला भ्यालो होतो कोण जाणे.

गेल्या महिन्यात पालकांची सभा नव्या इमारतीत होती. बाबांना मी आग्रहाने आणले. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी. ट्रॅक्टरबरोबर ते या आवारात अनेकदा आले होते, पण वर्गात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. दारात चप्पल काढू लागले, मी म्हटले, "असू द्या बाबा, इथे कोणी काढत नाही." मग ते बाकावर बसले, अगदी कडेला. प्राचार्य बोलत होते. बाबांचे लक्ष मात्र उजव्या भिंतीकडे होते. तिला अजून गिलावा व्हायचा होता. त्यांनी हात लांब करून एका विटेवर बोटाचे पेर वाजवले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ही जरा जास्त भाजलिया. पर पक्की हाय."

माझ्या मागच्या बाकावर ते दोन मित्र बसले होते. मी वळलो आणि म्हणालो, "हे माझे बाबा. या भिंतीच्या विटा यांनी थापल्यात."